रोलाँच्या अंगावर कोणाचे चिलखत?

इ.स. ७७८ मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन स्पेनच्या मोहिमेवरून परतत होता. पिरेनीज पर्वताच्या खिंडीत त्याच्या सैन्याच्या पिछाडीवर हल्ला झाला आणि त्यात रोलाँ हा त्याचा सरदार मारला गेला. पुढच्या काही शतकांत या रोलाँवर काव्ये रचली गेली, गायली गेली आणि तो फ्रान्समधल्या प्रत्येक शूर घोडेस्वाराचा आदर्श होऊन बसला. १४५५ ते १४६० च्या सुमारास झाँ फुके या चित्रकाराने फ्रान्सच्या राजांच्या बखरीतल्या एका पानावर त्याचा मृत्यू चितारला. चित्र सुंदर आहे. पण त्यात एक गोष्ट अशक्य आहे. रोलाँने आणि त्याच्या सोबत्यांनी पोलादी पत्र्यांचे अंगभर चिलखत घातलेले आहे. ७७८ साली असले चिलखत युरोपात कोणाकडेच नव्हते. ते घडवण्याची कला यायला अजून सहाशे वर्षे जायची होती.

फुके काही गावगन्ना चित्रकार नव्हता. फ्रान्सचा राजा सातवा शार्ल याचे त्याने काढलेले व्यक्तिचित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. एवढ्या जाणत्या माणसाच्या हातून अशी चूक व्हावी, हे कोडे आहे. त्यामागे आणखी मोठे कोडे उभे राहते. ‘नाइट’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जो पोलादी माणूस येतो, तो अशाच चित्रांतून आलेला आहे. त्या काळातले खरे कापड कुजून गेले, खरे लोखंड गंजून गेले किंवा वितळवून पुन्हा वापरले गेले. तेराव्या शतकापूर्वीचे पूर्ण चिलखत तर जवळजवळ हाती लागतच नाही. मग चित्रांवर भरवसा ठेवायचा की नाही?

माझे उत्तर असे आहे की जरूर ठेवायचा, फक्त चित्राला त्याच्या कथेचा काळ विचारायचा नाही. चित्रकाराचा काळ विचारायचा.

चित्रकाराने पाहिले तेच काढले

मध्ययुगीन फ्रेंच चित्रकारासमोर जुन्या वेशभूषेची पुस्तके नव्हती आणि संग्रहालयेही नव्हती. शिवाय जुना काळ जुनाच दिसावा, अशी त्याच्या ग्राहकाची मागणीही नव्हती. बखर वाचणाऱ्या सरदाराला रोलाँमध्ये स्वतःला पाहायचे असे. म्हणून चित्रकार आसपासच्या सरदारांच्या अंगावर जे असेल तेच शार्लमेनच्या, सिकंदराच्या आणि बायबलमधल्या दाविद राजाच्या अंगावर चढवत असे.

फ्रुआसार या बखरकाराचे उदाहरण घ्या. त्याने इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातल्या शंभर वर्षांच्या युद्धाचा वृत्तान्त लिहिला. १३४६ ची क्रेसीची लढाई आणि १३५६ ची प्वातिएची लढाई त्यात आहे. त्याच्या बखरीची सर्वांत प्रसिद्ध सचित्र प्रत मात्र १४७० च्या दशकात ब्रुज शहरात तयार झाली. आजही क्रेसीवरच्या पुस्तकांत आणि माहितीपटांत याच प्रतीतली चित्रे छापली जातात, आणि वाचक समजतो की क्रेसीला लढणारे असे दिसत असत. ते दिसते ते त्यांच्या पणतवंडांचे चिलखत. क्रेसीसाठी ही चित्रे निरुपयोगी आहेत, पण १४७५ च्या सुमाराचा सैनिक कसा सजत असे, यासाठी त्यांच्यासारखा साक्षीदार नाही.

एकदा हे लक्षात आले की चित्रे ओळीने लावता येतात. मग चिलखत कसे बदलत गेले, हे पायरीपायरीने दिसू लागते.

कापडावर भरलेली लढाई

पहिली पायरी कागदावरची नाही, ती तागाच्या कापडावर लोकरी धाग्याने भरलेली आहे. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांताचा सरदार विल्यम याने १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्ज इथे इंग्लंडच्या राजाला हरवले. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांच्या आत कोणा निष्णात हातांनी ही कथा सुमारे ७० मीटर लांब आणि अर्धा मीटर उंच अशा पट्ट्यावर भरली. ते भरतकाम बहुधा इंग्लंडमध्येच झाले. नॉर्मंडीतल्या बायू गावाच्या नावाने ते ओळखले जाते. घटना आणि चित्र यांच्यात इथे फार अंतर नाही, म्हणूनच त्याचे मोल मोठे आहे.

यातल्या घोडेस्वारांच्या अंगावर गुडघ्यापर्यंत येणारा अंगरखा आहे आणि त्यावर गोल गोल भरलेले आहेत. ही लोखंडी कड्यांची वीण आहे. लोखंडाची तार ओढून ती गजाभोवती गुंडाळायची, मग कापून सुट्या कड्या करायच्या. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकवायची. तिची दोन्ही टोके चपटी करून एकमेकांवर आणायची, त्यांना भोक पाडायचे आणि बारीक रिव्हेट ठोकून ती पक्की करायची. एका अंगरख्याला अशा हजारो कड्या लागत. पूर्ण अंगरखा दहा ते पंधरा किलोंचा होई. मुंबई-पुण्याच्या संग्रहालयांत ज्यांनी दख्खनी किंवा मुघल चिलखते पाहिली असतील, त्यांना हीच वीण ओळखीची वाटेल. एक कडी चार कड्यांत अडकवण्याची ही युक्ती फ्रान्सपासून हिंदुस्थानापर्यंत सगळीकडे चालत असे.

या भरतकामातले तीन तपशील मला फार महत्त्वाचे वाटतात. स्वारीसाठी जहाजे भरत असताना नोकर चिलखते वाहून नेताना दिसतात. एकेका चिलखताच्या बाह्यांतून लांब दांडा घातला आहे आणि दोघे जण तो दांडा खांद्यावर पेलून चालले आहेत. वजनाची कल्पना याहून चांगली देता येणार नाही.

दुसरा तपशील लढाईच्या शेवटी, खालच्या काठावर आहे. मेलेल्यांच्या अंगावरची चिलखते लुटणारे लोक ती डोक्यावरून उलटी ओढून काढत आहेत. हा किळसवाणा प्रसंग अभ्यासकांच्या कामी आला. कारण याच भरतकामात घोडेस्वारांचे चिलखत मांड्यांभोवती चड्डीसारखे दोन पायांत विभागलेले दिसते. खरोखर तसे असते, तर ते डोक्यावरून निघालेच नसते, आणि खोगिरावर बसणाऱ्याच्या बुडाखाली लोखंडी कड्या आल्या असत्या. म्हणजे तो घोळदार अंगरखाच होता. घोड्यावर मांड टाकता यावी म्हणून त्याला पुढे आणि मागे चीर होती, आणि ती दाखवताना भरणाऱ्यांनी दोन पाय भरले. एकाच कलाकृतीतल्या एका चित्राने दुसऱ्या चित्रातली शंका फेडावी, असे क्वचितच घडते.

तिसरा तपशील भाल्यांचा आहे. काही स्वारांनी भाला डोक्यावर उचलून धरला आहे, काहींनी तो फेकायच्या बेताने धरला आहे, आणि काहींनी बगलेत घट्ट दाबला आहे. पुढच्या शंभर वर्षांत बगलेतला भाला जिंकला. बगलेत धरलेल्या भाल्यामागे हाताची ताकद नसते. घोडा आणि स्वार या दोघांचे मिळून पाच-सहाशे किलोंचे वजन वेगाने त्या टोकावर येते. या धडकेने पुढच्या सगळ्या चिलखतांचा इतिहास बदलला.

गोल, चौकडी आणि एक विद्वान चूक

कड्यांचे विणकाम चित्रात दाखवणे जिकिरीचे असते. एका इंचात पाच-सहा कड्या, त्याही एकमेकींत अडकलेल्या. कोणता चित्रकार त्या मोजून काढणार? म्हणून प्रत्येकाने आपापली खूण ठरवली. बायूच्या भरतकामात कुठे मोठे गोल आहेत, कुठे चौकडीच्या रेघा. पुढच्या शतकांतल्या मूर्तिकारांनी आणि चित्रकारांनी अर्ध्या चंद्रकोरींच्या ओळी काढल्या. एका ओळीत कोर डावीकडे, दुसरीत उजवीकडे.

एकोणिसाव्या शतकात सॅम्युअल रश मेरिक या इंग्रज अभ्यासकाने या खुणांचा शब्दशः अर्थ लावला. गोल म्हणजे कातड्यावर शिवलेल्या सुट्या कड्या, चौकडी म्हणजे पट्ट्यांचे वेगळे चिलखत, अशी त्याने अनेक प्रकारांची यादी केली. त्यानंतर कित्येक पिढ्या हे प्रकार पुस्तकांत फिरत राहिले. प्रत्यक्ष सापडलेल्या अवशेषांनी मात्र त्यातल्या बहुतेक प्रकारांना दुजोरा दिला नाही. विणलेल्या कड्यांचे एकच चिलखत होते आणि ते दाखवायच्या रीती अनेक होत्या. मेरिक कष्टाळू आणि विद्वान होता, त्याने शस्त्रांच्या अभ्यासाचा पाया घातला. पण त्याने चित्राची खूण आणि वस्तू यांत फरक केला नाही.

दाविद राजा, पॅरिसचा पोशाख

आता १२४० च्या दशकात येऊ. त्या सुमारास फ्रान्समध्ये, बहुधा पॅरिसमध्ये, बायबलच्या जुन्या करारातल्या कथांचे एक भव्य चित्रपुस्तक तयार झाले. नववा लुई राजा याच्यासाठी ते काढले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. मुळात त्यात एकही शब्द नव्हता. सगळी कथा चित्रांतूनच सांगितली होती. या पुस्तकाचा प्रवासही विलक्षण आहे. आधी इटलीत त्यात लॅटिन मजकूर भरला गेला. मग ते पोलंडमधल्या क्राकोचा बिशप माचियेयोव्स्की याच्याकडे गेले आणि त्याने पाठवलेली ही भेट १६०८ मध्ये इराणच्या शाह अब्बासला मिळाली. तिथे समासात फारसी मजकूर आला आणि नंतर हिब्रू लिपीतली फारसीही. आज ते न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे.

या पानांवर दाविद आणि त्याच्या आधीचा राजा शौल तेराव्या शतकातल्या फ्रेंच नाइटांसारखे लढतात. आता कड्यांचे चिलखत मनगटापाशी थांबत नाही. हाताच्या पंजावर कड्यांची पिशवी आहे, पायांत कड्यांचे मोजे आहेत, डोक्यावर कड्यांची टोपडी आहे. चिलखतावरून रंगीत कापडाचा बिनबाह्यांचा डगला आहे. पायदळातल्या काहींच्या अंगावर लोखंड नाही, तर कापडाचे अनेक थर घालून शिवलेला जाड डगला आहे.

हा कापडी डगला नाइटही चिलखताच्या आत घालत. त्यावाचून कड्यांचा अर्धाच उपयोग होता. तलवारीची धार कड्यांवर घसरते, कापत नाही. पण कड्या लवचिक असतात, त्यामुळे घावाचा जोर आत पोचतोच. कातडी शाबूत राहते आणि आतले हाड मोडते. आतला जाड डगला तो जोर झेलतो. चौदाव्या शतकातला असा एक रेशमी, आतून भरलेला अंगरखा लियाँच्या वस्त्रसंग्रहालयात आहे. तो ब्रिटनीचा सरदार शार्ल द ब्ल्वा याचा मानला जातो. शार्ल १३६४ मध्ये लढाईत मारला गेला.

मॉर्गन ग्रंथालयातल्या याच चित्रांत एक गोष्ट मात्र खरी नाही. तलवारीच्या एका घावात शिरस्त्राण फाटून कवटी दुभंगते, चिलखतातला माणूस कमरेत कापला जातो, रक्ताचे पाट वाहतात. पाहणाऱ्याला वीराचे बळ दिसावे म्हणून हे काढले आहे. याच पिढीच्या थोडे आधी, २७ जुलै १२१४ रोजी बुव्हीनच्या लढाईत फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप याला शत्रूच्या पायदळाने आकड्याच्या भाल्यांनी घोड्यावरून खाली खेचले. तो जमिनीवर पडला, वरून घाव पडत होते, तरी त्याला जिवंत बाहेर काढण्यात आले. लढाईत हजर असलेल्या राजाच्या पुरोहिताने, गिय्योम ल ब्रेतोंने, त्याला चिलखताने वाचवले असेच लिहून ठेवले आहे. वस्तू कशी होती हे चित्रांना विचारावे. ती किती टिकाव धरत होती हे मात्र लढाईत हजर असलेल्या माणसांना विचारावे.

चेहरा झाकला तेव्हा ढाल बोलू लागली

बायूच्या भरतकामात शिरस्त्राण टोकदार आहे आणि त्याला नाकावर येणारी एक लोखंडी पट्टी आहे. तेवढ्यानेही ओळख पटेनाशी होत असे. लढाईत विल्यम मेला अशी अफवा उठते, तेव्हा तो शिरस्त्राण मागे सारून आपला चेहरा सैन्याला दाखवतो. हा प्रसंग भरतकामात आहे.

तेराव्या शतकात नाकाची पट्टी जाऊन डोक्यावर आणि चेहऱ्यावर पूर्ण लोखंडी डबा आला. डोळ्यांसाठी एक अरुंद फट आणि श्वासासाठी भोके, एवढेच. आत सगळे चेहरे सारखे झाले. म्हणून ढालीवरची, डगल्यावरची आणि घोड्याच्या झुलीवरची चिन्हे महत्त्वाची झाली. याची सुरुवात बाराव्या शतकात झाली होती. आँजूचा सरदार जॉफ्रे ११५१ मध्ये मेला. त्याच्या स्मारकासाठी केलेला मीनाकारीचा पत्रा ल माँ शहरात आहे. त्यात त्याच्या लांबट निळ्या ढालीवर सोनेरी सिंह आहेत. घराण्याच्या चिन्हाच्या सर्वांत जुन्या रंगीत नमुन्यांत त्याची गणना होते.

चित्रकारापुढे मात्र पेच उभा राहिला. नायकाने डबा घातला तर तो ओळखू कसा येणार? म्हणून चित्रांत राजे भर लढाईत उघड्या डोक्याने, मुकुट घालून फिरतात, शिरस्त्राणाचे झाकण वर उचलून बोलतात. हा चित्रकाराचा नाइलाज आहे, सरदारांचा बेसावधपणा नाही.

दगडात कोरलेले सरदार

१२५० च्या सुमारास चित्रांत एक लहानसा बदल दिसू लागतो. कड्यांच्या मोज्यांवर, गुडघ्याच्या वाटीवर, पोलादी वाटी येते. मग कोपरावर येते. मग नडगीपुढे पत्रा, खांद्यावर पत्रा, छातीवर कापडाच्या आत बसवलेले पत्रे. सगळ्यांत आधी जिथे हाड कातडीला लागून असते, तिथे पोलाद आले. हा क्रम कारागिरांना कोणी शिकवला नाही, जखमांनी शिकवला.

या बदलाचे उत्तम साक्षीदार म्हणजे थडग्यांवरच्या मूर्ती. फ्रेंच सरदार मेल्यावर चिलखतात झोपलेली त्याची दगडी मूर्ती थडग्यावर बसवत. मूर्तिकाराला दगडात पट्टे, बकले, बिजागऱ्या दाखवायला वाव असे. हस्तलिखितातल्या बोटभर आकृतीत त्या मावत नाहीत. पॅरिसजवळच्या सँ-दनी इथल्या राजघराण्याच्या चर्चमध्ये बेर्त्रां द्यु गेक्लँ या सेनापतीची मूर्ती आहे. तो राजघराण्यातला नव्हता, तरी त्याच्या पराक्रमामुळे त्याला तिथे जागा मिळाली. तो १३८० मध्ये मेला आणि मूर्ती १३९० च्या दशकात घडली. इथेही तोच नियम लागू पडतो. मूर्तीवरचे चिलखत त्याच्या मरणाच्या दिवसाचे नसून मूर्तिकाराच्या दिवसांचे असते.

यातल्या असंख्य मूर्ती आज नाहीत. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३ मध्ये सँ-दनीची थडगी उघडली गेली, देशभर मूर्ती फुटल्या. अलेक्सांद्र लनुआरने काही वाचवून पॅरिसमध्ये संग्रहालय मांडले. आणि जे वाचले नाही, त्यातले बरेचसे रोजे द गेन्येर या संग्राहकामुळे आपल्याला ठाऊक आहे. क्रांतीच्या शतकभर आधी, सतराव्या शतकाच्या शेवटी, त्याने चित्रकार सोबत घेऊन फ्रान्सभर फिरून थडग्यांची रंगीत चित्रे काढून घेतली होती. त्याचा हा ध्यास नसता, तर फ्रेंच चिलखतांचा निम्मा इतिहास आपल्याला इंग्लंडच्या थडग्यांवरून अंदाजाने लिहावा लागला असता.

पोलादाची सांधेजोड

१४२० च्या आसपास अंगभर पोलादी पत्र्यांचे चिलखत पूर्ण झाले. वरून कापडही नको झाले, कारण घासून चकचकीत केलेले पोलाद हीच श्रीमंती झाली. बगलेतल्या भाल्याची धडक, आडव्या धनुष्याचा बाण, लांब धनुष्याचा बाण यांचे टोक एका कडीवर आले तर कडी फुटते. गोलसर पत्र्यावर तेच टोक घसरते, आणि जे घसरत नाही त्याचा जोर सगळ्या पत्र्यावर पसरतो. मोठे, सारख्या जाडीचे पत्रे घडवण्याइतके लोखंड आणि पाणचक्कीवर चालणारे हातोडे आता हाताशी होते. उत्तम काम मिलानचे समजले जाई. तिथले कारागीर पुढे फ्रान्समध्ये तूर आणि लियाँ इथेही येऊन राहिले.

सगळे पोलादी असून माणूस वाकतो कसा? कोळंबी सोलताना तिची शेपूट नीट पाहिली तर उत्तर हाती येते. तिचे कवच कडक असते, पण ते एकसंध नसते. एकावर एक सरकणारे पत्रे असतात आणि त्यांना जोडणारा मऊ पडदा आत असतो. चिलखतातही कमरेखाली, खांद्यावर, गुडघ्यावर, बोटांवर असे अरुंद पत्रे एकमेकांवर बसवत. आतून चामड्याच्या पट्ट्या त्यांना धरून ठेवत, आणि काही ठिकाणी रिव्हेट लांबट खाचेत बसवत, म्हणजे ते मागेपुढे सरके. बगल, कोपराची आतली बाजू आणि जांघ इथे पत्रा चालत नाही, तिथे कड्यांचे तुकडे आतल्या अंगरख्याला शिवत. पायांचे पत्रेही त्याच अंगरख्याला दोऱ्यांनी बांधत. वजन एकट्या खांद्यांवर न राहता अंगभर वाटले जाई.

रणांगणावरचे पूर्ण चिलखत साधारण वीस ते पंचवीस किलोंचे असे. नाइटला घोड्यावर बसवायला कप्पी लागत असे, ही समजूत १९४४ च्या ‘हेन्री द फिफ्थ’ या चित्रपटाने घरोघर पोचवली. ती खोटी आहे. मार्शल बुसिको हा फ्रान्सचा सेनापती १३६६ मध्ये जन्मला. त्याच्या हयातीत लिहिलेल्या चरित्रात तो चिलखत घालून कोलांट्या मारत असे, रिकिबीत पाय न ठेवता घोड्यावर उडी घेत असे आणि शिडीच्या खालच्या बाजूने केवळ हातांनी वर चढत असे, अशी वर्णने आहेत. ती फुगवलेली मानली तरी आज प्रतिकृती घालून लोक धावतात, उड्या मारतात आणि घोड्यावर स्वतः चढतात. गैरसमज बहुधा खेळाच्या चिलखतांमुळे झाला. दोघांनी समोरासमोर भाल्यांची धडक घ्यायच्या स्पर्धेत पळायचे नसे, वाकायचे नसे, फक्त धडक सोसायची असे. त्या चिलखतांचे वजन पुष्कळ जास्त असे, आणि महागडी म्हणून तीच संग्रहालयांत मोठ्या संख्येने टिकली.

पण हालचाल करता येते म्हणून दम लागत नाही, असे नाही. २०११ मध्ये लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सरावलेल्या माणसांना चिलखतांच्या प्रतिकृती घालून फिरत्या पट्ट्यावर चालवले. नुसते चालण्यासाठी शरीराला दुपटीहून अधिक शक्ती लागत होती. पाठीवर तेवढेच ओझे घेऊन चालताना एवढी लागत नाही. फरक पायांमुळे पडतो. प्रत्येक पावलाला पायांवरचे किलो-किलोचे पोलाद उचलून पुढे टाकावे लागते. शिवाय छातीवरच्या पत्र्याने श्वास खोल घेता येत नाही. २५ ऑक्टोबर १४१५ रोजी अझँकूरला फ्रेंच सरदार पावसाने भिजलेल्या नांगरटीतून, शिरस्त्राणाची झाकणे बाणांच्या भयाने खाली ओढून, पायी चालत इंग्रजांवर गेले. ते पोचले तेव्हा लढण्याजोगे उरले नव्हते. कोलांट्या मारणारा बुसिको त्याच दिवशी कैद झाला आणि १४२१ मध्ये इंग्लंडमध्ये कैदेतच मेला.

चौकट : कोणत्या काळात काय दिसते?
अकराव्या शतकातल्या चित्रांत गुडघ्यापर्यंत कड्यांचा अंगरखा आणि नाकपट्टीचे टोकदार शिरस्त्राण असते. तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कड्या बोटांपासून पायांपर्यंत पोचतात, वर रंगीत डगला येतो आणि डोक्यावर लोखंडी डबा. १२५० ते १४०० या काळात सांध्यांपासून सुरू होऊन एकेक अवयव पत्र्याखाली जातो. अंगभर चकचकीत पोलाद दिसले तर चित्र १४२० च्या नंतरचे समजावे, कथा कितीही जुनी असली तरी.

काळे पडलेले चांदीचे वीर

हस्तलिखितांत कधी कधी लाल-निळ्या रंगांच्या मधोमध काळवंडलेले, धुरकट सैनिक दिसतात. फ्रान्सच्या वीरांनी काळे चिलखत घातले होते, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला. खरे कारण रसायनातले आहे. पोलादाची चकाकी दाखवायला काही चित्रकार चांदीचा वर्ख किंवा चांदीची भुकटी वापरत. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होतो आणि ती काळी पडते. सोने मात्र तसेच राहते. म्हणून राजाचा मुकुट आज झळाळतो आणि त्याच पानावरचे चिलखत काजळीसारखे दिसते.

याच्या उलट एक पुस्तक असे आहे, ज्यात चित्रे मुद्दाम अचूक काढली. १४६० च्या सुमारास आँजूचा सरदार रने याने स्पर्धा कशा भरवाव्यात यावर ग्रंथ लिहिला. त्यातली चित्रे बार्तेलेमी देक या चित्रकाराने काढली, असे मानतात. शिरस्त्राणाची जाळी, उकळून कडक केलेल्या चामड्याचे पत्रे, बोथट तलवार, सोटा, सगळे सुटे सुटे, मापासकट दाखवले आहे. कारागिराने पुस्तक समोर ठेवून वस्तू बनवावी, हाच हेतू. मध्ययुगीन चित्रकाराला हवे तेव्हा अचूक काढता येत होते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

जोनचे चिलखत

या सगळ्या शोधात सर्वांत अवघड प्रश्न जोन ऑफ आर्कचा आहे. १४२९ मध्ये, सतरा वर्षांची ही शेतकऱ्याची मुलगी राजाच्या सैन्यासोबत निघाली, तेव्हा तूर शहरातल्या चिलखतकाराने तिच्या मापाचे पूर्ण चिलखत घडवले. राजाच्या हिशेबवहीत त्यापोटी १०० लिव्र दिल्याची नोंद आहे. ते चिलखत टिकले नाही.

तिच्या हयातीतले तिचे एकच चित्र उरले आहे. इंग्रजांनी ऑर्लेआँ शहराला घातलेला वेढा उठल्याची बातमी १० मे १४२९ रोजी पॅरिसमध्ये पोचली. तिथल्या न्यायसभेच्या लेखनिकाने, क्लेमाँ द फोकाँबेर्गने, ती वहीत नोंदवताना समासात रेघोट्यांनी तिचे चित्र काढले. हातात निशाण आणि तलवार, लांब केस, अंगात बायकी झगा. त्याने तिला कधी पाहिलेच नव्हते. पुढच्या सगळ्या चिलखतधारी जोन तिच्या मरणानंतरच्या आहेत. त्यातली सर्वांत प्रसिद्ध, लूव्रमधली, अँग्रने १८५४ मध्ये रंगवलेली आहे. त्यात रँसच्या चर्चमध्ये उभ्या जोनच्या अंगावर चकचकीत पोलाद आहे आणि खाली घोळदार झगा आहे. हे चिलखत पंधराव्या शतकातल्या कारागिराने घडवलेले नाही. एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकाराने आणि त्याच्या काळाच्या मर्यादाशील कल्पनांनी ते जोडले आहे. फुकेच्या रोलाँइतकीच ही जोन तिच्या चित्रकाराच्या काळाची आहे.

बायूचे पूर्ण भरतकाम आणि मॉर्गन ग्रंथालयातली पाने आता त्या त्या संस्थांनी इंटरनेटवर मोठ्या आकारात सर्वांसाठी खुली केली आहेत. फ्रान्सला जाणे जमले नाही तरी घरच्या पडद्यावर ती टाका टाका, पान पान मोठी करून पाहता येतात. शाळकरी मुले घरात असतील तर त्यांना जवळ घ्या, दांड्यावर चिलखत टांगून नेणारे ते दोघे नोकर शोधायला सांगा, आणि कोणत्याही चित्राखाली लढाईचे साल दिसले की चित्र केव्हा काढले ते साल आधी शोधायची सवय लावा.